मोज्यांना चार, टेपला पाच

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. गुडघ्याखालपर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे, क्लास दोनच्या दाबाचे, बोटं उघडी असलेले, जोडी १,८५० रुपयांना. पाचपैकी चार स्टार. ज्या सर्जिकलच्या दुकानातून घेतले त्याला साडेचार. त्या दुकानातल्या मापाच्या टेपला पूर्ण पाच. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी पुढचं वाचायला बसा, आणि जमल्यास पाय वर घेऊन बसा.

डोंबिवलीला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. अकरा वर्षं झाली. रोजच्या अडीचशे-पावणेतीनशे पोळ्या. मदतीला दोघी आहेत, एक लाटते, दुसरी भाज्या बघते, पण तवा माझ्याच हातात. पहाटे पाचला ओट्यापुढे उभी राहिले की साडेबाराला बाजूला होते, परत संध्याकाळी पाच ते साडेआठ. गेल्या गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी होत्या, त्या दिवसांत पैंजण रुतायला लागले. सकाळी सैल असायचे, घोट्यावर खाली-वर व्हायचे. रात्री काढायला गेलं तर फासा सापडेना, आणि काढल्यावर पायावर सगळी नक्षी उमटलेली, घुंगरांसकट. चपलेच्या पट्ट्याचाही तसाच ठसा.

एका रात्री नडगीवर सहज अंगठा दाबून बघितला. कणीक मुरली की नाही हे बघायला मी दिवसातून दहा वेळा गोळ्यात बोट दाबते. बोट काढल्यावर खड्डा राहिला तर कणीक तयार. नडगीवरचा खड्डा राहिला. चांगला ठसठशीत, नखाच्या कडेसकट. म्हटलं, झाली की तयार.

मग जे सगळे करतात ते मीही केलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसले. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण बाहेर काढले तर पाय आणखी टम्म. (उष्णतेने शिरा अजून पसरतात हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. तव्याची धग दिवसभर तेच करत होती.) मग अंगात पाणी साचतंय असं समजून पाणी पिणं कमी केलं. सूज होती तिथेच राहिली, लघवीला जळजळ मात्र सुरू झाली. डबा नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तर त्याच्या वडिलांची लघवी होण्याची गोळी प्रेमाने आणून दिली. ती घेतली नाही, एवढी अक्कल शाबूत होती.

आणि मोबाइलवरून मोजे मागवले. २९९ ला जोडी. सूज गायब, वेदना गायब, थकवा गायब, असं खाली लिहिलेलं. माप काय, तर चपलेचा नंबर टाका. टाकला. पहिल्या दोन तासांतच वरची पट्टी गुंडाळत गुंडाळत पोटरीच्या मध्यावर आली आणि तिथे सुतळी बांधल्यासारखी बसली. पट्टीच्या खालचा पाय फुगला, वरचा बारीक. आमची पोळ्या लाटणारी म्हणाली, ताई, हे तर तुमचं पोतं बांधल्यासारखं झालं. परत करायला गेले तर म्हणे पायमोजे एकदा उघडले की परत घेत नाही. ते मोजे आता ओट्याखालच्या गॅसच्या नळीजवळ, फडकं म्हणून आहेत.

शेवटी आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी मोज्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. आधी प्रश्न. सूज दोन्ही पायांना की एकाच? रात्री झोपून सकाळी उतरते का? जिना चढताना दम लागतो? झोपायला एक उशी पुरते की दोन-तीन लागतात? सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज असते? कंबरदुखीसाठी परस्पर गोळ्या घेता का? शेवटच्या प्रश्नाला मी इकडेतिकडे बघितलं. घेत होते. त्या दुखण्याच्या गोळ्याही अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात म्हणे. मग लघवी, क्रिएटिनिन, थायरॉइड, लिव्हर, ईसीजी. मला वाटलं, पायाच्या सुजेचा आणि लघवीचा काय संबंध. तर मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागली की पुष्कळदा पहिली खबर पायांवर नाहीतर डोळ्यांखाली लागते. हृदय थकलं तरी पाय सुजतात, लिव्हर बिघडलं तरी सुजतात. पाय बिचारे सगळ्यात खाली, सगळ्यांचं तिथे येऊन साचतं.

ते सगळे रिपोर्ट नीट आले. मग पायांची डॉपलर सोनोग्राफी झाली, उभं करून. त्यात सापडलं. पायातल्या शिरांमध्ये झडपा असतात, वर गेलेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून. माझ्या सैल पडल्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते. चालताना पोटरी आवळते, सैल होते, आवळते, सैल होते, तोच पंप."

मी म्हटलं, "मग माझे पाय का सुजावेत? मी दिवसभर पायांवरच तर असते."

"पायांवर असता. चालत नाही. तुम्ही एका फरशीवर उभ्या असता."

घरी येऊन ओट्यापुढे उभी राहिले आणि खाली बघितलं. खरंच की. दोन फुटांची फरशी. अकरा वर्षं तिथेच. तिथली पॉलिशही गेली आहे.

इथे एक जरा वेगळं सांगते. माझं माहेर चंद्रपूरकडचं. तिकडे पाय सुजला म्हटलं की पहिली भीती हत्तीरोगाची. लहानपणी गावात रात्री रक्त घ्यायला माणसं यायची, आम्ही झोपेतून उठून बोट पुढे करायचो. त्या जंतूंची पिल्लं रक्तात रात्रीची फिरतात म्हणून रात्री. त्यामुळे मी तेही विचारलं. डॉक्टरबाईंनी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघितली. आली. हत्तीरोगासारख्या सुजेत ती कातडी जाड होते, चिमटीत येत नाही, आणि बहुतेक वेळा एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठा असतो. आमच्या आईने हे ऐकलं तेव्हा फोनवरच "गं बाई, सुटलीस" म्हणाली.

चिठ्ठीवर लिहून मिळालं: गुडघ्याखाली, क्लास दोन. त्याआधी त्यांनी पावलाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून नाडी बघितली, दोन्ही पायांची. पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्याच अरुंद असतील तर असला घट्ट मोजा घालून पाय गमवायची पाळी येते, म्हणून. हे वाक्य मोबाइलवरच्या त्या जाहिरातीत कुठेच नव्हतं.

आता दुकान. पूर्वेला, एका मोठ्या हॉस्पिटलच्या समोरच्या गल्लीत. नाव लिहीत नाही, कारण काकांनीच बजावलंय, "ताई, माझं नाव टाकू नका, गर्दी झाली की माप घ्यायला वेळ मिळत नाही." दुकान रेल्वेच्या डब्याएवढं अरुंद. वरून वॉकर आणि कुबड्या टांगलेल्या, एका बाजूला कमोडच्या खुर्च्या एकावर एक, मध्ये काकांपुरती जागा. गळ्यात शिंप्यासारखी टेप.

मी गेले संध्याकाळी सातला. दोन्ही कामांच्या मध्ये वेळ मिळत नाही, त्या दिवशी लवकर सुटले होते. चिठ्ठी दिली. काकांनी चिठ्ठी वाचली, माझे पाय बघितले आणि टेप गळ्यातून काढलीच नाही.

"आज नाही देणार."

म्हटलं, संपलेत का? "नाही हो, भरपूर आहेत. आता तुम्ही सुजलेल्या पायाचं माप देणार, मी त्या मापाचा मोजा देणार, आणि सकाळी बारीक पायावरून तो घसरणार. मग तुम्ही मला शिव्या देणार. सकाळी या, उठल्या उठल्या."

सकाळी उठल्या उठल्या मी तव्यापुढे असते आणि काका साडेनऊला शटर उघडतात. तसं सांगितलं, तर त्यांनी खणातून कागदाची टेप काढली आणि माझ्या हातात ठेवली. फुकट. पुठ्ठ्यावर पाय काढून तीन रेघा मारल्या: घोट्याच्या हाडाच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथला घेर, पोटरी जिथे सगळ्यात जाड तिथला घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीच्या जरा खालपर्यंतची उंची. दोन्ही पायांची वेगळी मापं. टेप टेकवायची, आवळायची नाही. "बिछान्यातून उतरायच्या आधी," काका म्हणाले, "चहानंतर नाही."

मी तिथे असतानाच एक पंचविशीतला मुलगा आला. महिनाभर पायाला प्लास्टर होतं, दोन दिवसांपूर्वी काढलेलं, आणि आता तोच पाय पोटरीपासून सुजलेला, लाल, हात लावू देईना. त्याला मोजा हवा होता. काकांनी त्याला खुर्चीवरसुद्धा बसू दिलं नाही. "समोर जा. कॅज्युअल्टीत. आत्ता." एकच पाय अचानक सुजला आणि दुखतोय तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून छातीत गेली की दम कोंडतो. तो मुलगा रस्ता ओलांडेपर्यंत काका दारात उभे राहून बघत होते. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्या दिवशीचं त्यांचं एक गिऱ्हाईक परत गेलं, आणि आधीच मी परत चालले होते. साडेचार स्टार याचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला अंथरुणात बसून माप घेतलं. उजवा घोटा २२.५ सेंटिमीटर, डावा २३. गंमत म्हणून रात्री नऊला परत घेतलं, तर डावा २५.५. दिवसाकाठी अडीच सेंटिमीटर. दागिन्याच्या वजनात एवढा फरक पडला असता तर मी सोनाराचं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

सोमवारी केंद्र बंद असतं, तेव्हा जाऊन मोजे आणले. डब्यावरच्या तक्त्यात माझा घोटा एका खान्यात आणि पोटरी दुसऱ्या खान्यात येत होती. काका म्हणाले घोट्याचं धरू, दाब तिथे सगळ्यात जास्त लागतो. क्लास दोन म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा एवढा दाब, आणि तिथून वर जाताना तो कमी कमी होत जातो. साध्या घट्ट मोज्यात आणि यात हाच फरक. त्यामुळेच रक्त वरच्या दिशेने सरकतं, वरच्या पट्टीत अडकून बसत नाही. नणंदेच्या ऑपरेशनच्या वेळचे पांढरे, मांडीपर्यंतचे मोजे घरी पडून होते, तेच चालतील का, असंही विचारलं होतं. "ते झोपलेल्या माणसाचे. तुम्ही उभ्या राहणार."

घालायचं प्रकरण मात्र मोठं आहे. पहिल्या सकाळी पंधरा मिनिटं लागली आणि घाम फुटला. साध्या मोज्यासारखं वरून गोळा करून ओढलंत तर तो टाचेपुढे जातच नाही. उशीला अभ्रा घालताना आपण तो उलटा करून आत हात घालतो आणि कोपरे धरतो ना, तसं करायचं. हात आत घालून टाचेची जागा पकडायची, टाचेपर्यंत मोजा उलटा करायचा, आधी पाऊल बसवायचं, टाच बरोबर टाचेवर आली की मग वरचा भाग थोडा थोडा सरकवायचा. ओढायचा नाही, हाताच्या तळव्यांनी चेपत न्यायचा. कासारीण हात चेपून चेपून लहान मापाची बांगडी भरते, अगदी तसं. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते आणि नखही लागत नाही. आता चार मिनिटांत होतं. जास्त झालेला भाग वरून दुमडायचा नाही, नाहीतर परत पोतं. आणि हे सगळं बिछान्यातून पाय खाली टेकायच्या आधी. एखाद्या दिवशी विसरून उठले तर पंधरा-वीस मिनिटं पाय भिंतीला वर लावून पडायचं, मग घालायचे. पहाटे पावणेपाचला भिंतीला पाय लावून पडलेली बायको बघून आमच्या ह्यांनी पहिल्यांदा दिवा लावून नीट चौकशी केली होती.

बोटं उघडी असलेलेच घ्या, असं मी आपल्या बायकांना सांगेन. जोडवी राहतात, अंगठ्याची चप्पल घालता येते. बंद बोटांच्या मोज्यात दोन्ही बंद.

आता कापलेला एक स्टार. रंग. डब्यावर 'स्किन' लिहिलंय. ती कुणाची स्किन ते कंपनीलाच ठाऊक, आमच्या घरात त्या रंगाचं कुणी नाही. काळे घ्यायला गेले तर माझ्या मापात नव्हते. दुसरं, उकाडा. मार्चपासून तव्यापुढे हे घालून उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे, गुडघ्याच्या मागे खाज सुटते. तिसरं, पीठ. विणीत कणीक जाऊन बसते. रोज रात्री कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलात दाबून सावलीत वाळवायचे. पावसाळी हवेत सकाळपर्यंत वाळत नाहीत, म्हणजे दोन जोड्या आल्याच, म्हणजे ३,७०० रुपये. आणि रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत ताण उतरतो, नवे घ्या. आमच्यासारख्या उभ्याने कमावणाऱ्या माणसाला हे दर सहा महिन्यांनी सोपं नाही, हे कंपनीवाल्यांनी कधीतरी बघावं. तेल-तुपाचा हात लागला की इलॅस्टिक लवकर जातं. पायाची कातडी कोरडी पडते म्हणून मी खोबरेल लावते, पण रात्री, मोजे काढल्यावर. सकाळी नाही.

दुकानाचा अर्धा स्टार का कापला तेही सांगते. कुबड्या आणि वॉकर विकणाऱ्या दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही. काकांना म्हटलं तर हसले, म्हणाले, "गिऱ्हाईक खालून हाक मारतं, मी उतरतो."

सासूबाईंचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. वय ७६. त्यांचेही पाय पावसाळ्यापासून सुजत होते, म्हणून त्या सोमवारी त्यांचीही जोडी घ्यायची असं ठरवून गेले होते. माप तयार. काकांनी विचारलं, साखर आहे? आहे. पायाला मुंग्या येतात? येतात. "मग आधी डॉक्टरांना पाय दाखवा, चिठ्ठीशिवाय त्यांना देत नाही." दुसरा नकार. मला जरा रागच आला होता. घेऊन गेले आईंना डॉक्टरबाईंकडे. त्यांनी पायांआधी गोळ्यांची पिशवी उपडी केली. ब्लडप्रेशरची अ‍ॅमलोडिपिन जूनमध्ये ५ ची १० झाली होती, आणि सूज जुलैपासून. ती गोळी काही जणांच्या, त्यातही बायकांच्या, पायांवर अशी सूज आणते, आणि डोस वाढला की जास्त. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. तीन आठवड्यांत आईंचे घोटे दिसायला लागले. एका पैचे मोजे लागले नाहीत. (वाचून लगेच स्वतःची गोळी बंद करू नका, प्रेशर चढलं तर ते सुजेपेक्षा महाग पडतं. डॉक्टरांना विचारा, एवढंच.) त्यांच्या लोणच्याची बरणी मात्र डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून वरच्या फळीवर गेली, आणि त्याबद्दल त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर. आमच्या घरी तेवढं एकट्या पापड-लोणच्यातच व्हायचं.

माझे चार महिने झाले. फुगलेल्या शिरा आहेत तशाच आहेत, मोज्यांनी त्या जात नाहीत. वाढल्या तर लेझरचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाल्या. पण रात्री पाय लाकडासारखे जड व्हायचे ते थांबलं. डावा घोटा रात्री नऊला आता २३.५ ते २४ च्या मध्ये असतो. यातलं किती मोज्यांचं आणि किती बाकीच्याचं, सांगता येणार नाही, कारण मी कंबरेच्या गोळ्या बंद केल्यात, ओट्याखाली एक पाट ठेवलाय, आलटून पालटून एक पाय त्यावर. आणि दर दहा पोळ्यांना दहा वेळा टाचा उचलायच्या. लाटणारीला सुरुवातीला हसू यायचं. आता तीही उचलते, तिकडे पोळपाट हलतो. दुपारी अर्धा तास पाय उशांवर, छातीपेक्षा वर, आणि त्या वेळात फोन आला तर गिऱ्हाइकांनी समजून घ्यावं.

पैंजण परत घातले नाहीत. मोज्यावर घातले तर विणीत अडकतात.

दुसरी जोडी या सोमवारी आणणार आहे, काळी मिळाली तर. तुम्ही जाणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पहाटेचं माप लिहून न्या, दोन्ही पायांचं. यूपीआय चालतं, बिल मागावं लागतं. पायऱ्यांशी खालूनच हाक मारा.